उंबरकोंडच्या तीन शंभरांबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
डोंगरी वाड्या दरड-इशारा योजना कक्ष,
पुणे.

अर्जदार : गेणू बिरदेव शिंगाडे, वय ६१ वर्षे, धंदा शेती व पर्जन्यमापकाची नोंद ठेवणे, रा. शेळगाव, ता. इंदापूर, जि. पुणे.

विषय : मौजे उंबरकोंड येथील दि. २४, २५ व २६ जुलै १९९७ या तीन दिवसांची पावसाची नोंद चुकीची असल्याने ती दुरुस्त करणे व सदर चूक अर्जदाराच्या नावे लावणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे पाच अर्ज.
२) त्यांस आपल्या कक्षाकडून आलेली चार उत्तरे.
३) 'श्री. नकोशी कोकरे' यांच्या नावे आलेले आपले पत्र, दि. ९ मार्च १९९८.

महोदय,

माझा हा सहावा अर्ज आहे. आपल्या कार्यालयातील मंडळी आता मला जिन्यावरूनच ओळखतात आणि 'शंभरवाले आले' असे एकमेकांस सांगतात, हे मला ठाऊक आहे. त्याचा मला राग नाही. बावीस वर्षे सरकारी नोंदवही सांभाळलेला मी माणूस आहे, कागदाला वेळ लागतो हे मला कोणी शिकवायला नको. परंतु या खेपेस मृग एक महिन्यावर आला आहे, म्हणून अर्ज शेवटपर्यंत वाचावा अशी हात जोडून विनंती आहे. मागील पाच अर्जांत मी फक्त आकडे लिहिले होते. जे लिहायला लाज वाटत होती ते या अर्जात लिहीत आहे.

१. मी शेळगावचा राहणार. आमचे वडील मेंढरे राखत, दर दिवाळीला कळप घेऊन घाट उतरून कोकणात जात. पुढे कॅनॉलचे पाणी आले, मेंढरे गेली आणि आम्ही शेतकरी झालो. सन १९७५ साली गावात पर्जन्यमापक बसले, त्याची नोंद ठेवण्याचे काम मला मिळाले. तेव्हापासून रोज सकाळी साडेआठ वाजता मी तिथे हजर असतो. ताप असो, तेरावे असो, साडेआठ चुकलेले नाहीत. मुलीच्या लग्नाच्या दिवशी अंगाला हळद लावून घेण्याआधी मी माप घेऊन आलो, त्यावरून व्याही मंडळींनी माझी भरपूर थट्टा केली होती. माप होते शून्य. नोंदवहीत मी 'निरंक' असे लिहिले व मग मांडवात आलो. हे सांगण्याचे कारण, की माझा गर्व आपल्या ध्यानात यावा. पुढे जे झाले ते त्या गर्वामुळेच झाले.

२. आमच्या भागात पाऊस म्हणजे काय, हे पुण्यात बसून ध्यानात येणे अवघड आहे. या बावीस वर्षांत माझ्या वहीतील सर्वांत मोठा आकडा त्र्याऐंशी मिलिमीटर आहे. त्या दिवशी गावाने बिरोबाला नारळ फोडला होता. पाऊस जास्त झाला अशी तक्रार आमच्या तालुक्यात मी तरी कधी ऐकली नाही. झाला नाही, एवढी एकच तक्रार आम्हाला येते.

३. माझी चौथी मुलगी नकोशी. तीन मुलींवर चौथी मुलगी झाली की आमच्याकडे हे नाव ठेवतात. माझ्या आईने ठेवले, मी तोंड उघडले नाही. पुढे तीच मुलगी मला सगळ्यांत हवीशी झाली. सातव्या वर्षापासून ती माझ्याबरोबर पर्जन्यमापकाकडे यायची. नरसाळे काढणे, बाटली उचलणे, मोजपात्रात पाणी ओतणे आणि खाली वाकून पाण्याच्या रेषेला डोळा लावून आकडा वाचणे, हे सगळे मी तिला शिकवले. वेळेआधी झाकण काढायचे नाही, काढले तर ती चोरी. मोजपात्रात दिसेल तेवढेच लिहायचे, अंदाज लिहिला तर ते खोटे. हे दोन नियम मी तिच्या अंगात भिनवले. तिने कधी मोडले नाहीत. मोडले असते तर आज ती असती.

४. तिचे लग्न मूळ लासुर्ण्याच्या दादासाहेब कोकरे यांच्याशी झाले. जावईबापूंना घाटमाथ्यावरच्या एका लहान धरणावर चौकीदाराची नोकरी लागली, म्हणून ते, त्यांच्या मातोश्री छबूबाई आणि नकोशी असे तिघे धरणाच्या वर असलेल्या उंबरकोंड वाडीत राहू लागले. तिथेच माझी नात सुकन्या झाली. सन १९९५ साली आपली योजना त्या डोंगरात आली. वाडीत पर्जन्यमापक बसले, शाळेत फोन आला, शाळेच्या पडवीत पितळी घंटा टांगली गेली. नोंद ठेवायला कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा मोजपात्र वाचता येणारी वाडीत एकटी माझी लेक निघाली. नेमणुकीचा कागद तिने मला पोस्टाने पाठवला. मी तो चौघांना वाचून दाखवला, आणि पाचव्याने विचारले नसतानाही दाखवला.

५. आपल्या परिपत्रकात इशाऱ्याची पातळी दिलेली आहे. एका दिवसात दीडशे मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, अथवा सलग तीन दिवसांची बेरीज तीनशेच्या वर गेली, तर घंटा वाजवावी आणि वाडीने ओढ्यावरचा साकव ओलांडून पलीकडच्या टेकाडावरील शाळेत जावे. पातळी गाठलेली नसताना घंटा वाजवून लोकांची धांदल उडवल्यास नोंद घेणाऱ्यावर कारवाई होईल, हेही त्याच परिपत्रकात आहे. १९९६ साली नकोशीने दोन वेळा नियमाप्रमाणे घंटा वाजवली. दोन्ही वेळा लोक भिजत शाळेत गेले, डोंगर जागचा हलला नाही, आणि परत येताना तिला चार शब्द ऐकवून गेले. ती गोष्ट तिने मनाला लावून घेतली होती.

६. आता बाटलीचे सांगतो. मार्च १९९७ मध्ये उंबरकोंडच्या पर्जन्यमापकातील मोठी बाटली वानराने पळवली. ती ओढत नेताना त्याने बाटलीतून सांडलेले पाणी धरणारा खालचा डबाही आपटून तडकवला. नकोशीने नवीन बाटली व डबा मिळावा म्हणून आपल्याकडे मागणी केली. 'मागणी नोंदविण्यात आली आहे' असे उत्तर तिला आले. अक्षय्य तृतीयेला ती माहेरी आली तेव्हा तिने ही अडचण सांगितली. माझ्याकडे एक जास्तीची बाटली होती. आमच्या कोरड्या भागाला लहान बाटली देतात, तिच्यात शंभर मिलिमीटर पाऊस मावतो. मी ती बाटली राखेने घासून लखलखीत केली आणि तिला दिली. शंभर पुरतील का, असे तिने विचारले. मी हसलो. माझ्या बाटलीने जन्मात गळ्याजवळचे पाणी पाहिलेले नव्हते. मी म्हणालो, ही भरून सांडली तर मला कळव, मी गावात पेढे वाटतो.

७. दि. २४ जुलै १९९७ रोजी सकाळी शेळगावच्या ग्रामपंचायतीत तिचा फोन आला. मी नुकतीच माझ्या वहीत 'निरंक' अशी नोंद करून तिथे टेकलो होतो. ती म्हणाली, तात्या, बाटली गळ्यापर्यंत भरलीय, वीसाचं मोजपात्र पाच वेळा भरून ओतलं, वर सांडलं असंल तर ते खालच्या तडकलेल्या डब्यातून जिरून गेलं असंल, मग आकडा काय धरू? महोदय, हे वाक्य ऐकताना माझ्या मनात काय आले ते मी खरे खरे लिहितो. मला आनंद झाला. बाटली भरली, ही बातमी आमच्या कानाला वाईट लागतच नाही. ज्याच्या पिढ्या आभाळाकडे तोंड वासून बसल्या त्याला भरलेली बाटली म्हणजे भरलेले घर वाटते. मी तिला सांगितले, मोजपात्रात शंभर भरलं ना, मग शंभर लिही, डोळ्याला वाटतं ते लिहायचं न्हाय. आणि मी लासुर्ण्याहून अर्धा किलो पेढे मागवून ग्रामपंचायतीत, दूध डेअरीत आणि विहिरीवर वाटले. माझ्या पोरीच्या डोंगरात बाटली भरली, असे मी सगळ्यांना सांगत होतो.

८. दि. २५ जुलै रोजी तिने पुन्हा शंभर लिहिले. दि. २६ जुलै रोजी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी तिचा दुसरा फोन आला. तिचा आवाज मी ओळखला नाही, इतका तो दबलेला होता. तिचे बोलणे मला शब्दन् शब्द पाठ आहे आणि ते मी इथे नोंदवून ठेवतो, कारण ते आपल्या कोणत्याच नोंदवहीत नाही.

ती म्हणाली, "तात्या, तिसऱ्या दिशीबी शंभरच हाय. आन ओढ्याचं पानी लाल व्हतं, ते पहाटंपासनं एकदम उतारलंय. पाऊस थांबला न्हाय तरी उतारलंय. घंटा वाजवू का?"

मी विचारले, तीन दिवसांची बेरीज किती? ती म्हणाली, तीनशे. मी म्हणालो, "तीनशेच्या वर गेली तर वाजवायची. तीनशे म्हंजी वर न्हाय. उगं वाजवलीस आन काय झालं न्हाय, तर खऱ्या वक्ताला तुझ्या घंटंला कोन हलंल?"

ती म्हणाली, "बरं तात्या. तुमी म्हनताय तसं."

९. फोन शाळेत होता हे आपणास ठाऊक आहेच. म्हणजे त्या वेळी ती शाळेतच उभी होती, जिथे घंटा वाजल्यावर सगळ्यांनी जायचे होते त्याच जागी. शाळेतील मदतनीस मुक्ताबाई यांनी मला पुढे सांगितले, की फोन ठेवल्यावर नकोशीने घंटेची दोरी हातात धरली, काही वेळ तशीच उभी राहिली, आणि मग दोरी पुन्हा खुंटीला गुंडाळून ठेवली. शनिवारची सकाळची शाळा होती. सुकन्याला तिने वर्गात बसवले, तिची वेणी नीट केली आणि सासूबाई घरी एकट्या आहेत म्हणून साकव ओलांडून वाडीत परत गेली. दहा वाजून वीस मिनिटांनी वरच्या खोऱ्यातून चिखल, दगड आणि झाडे एकदम खाली आली. वाडीतली सात घरे गेली. माझी मुलगी, छबूबाई आणि इतर नऊ माणसे गेली. जावईबापू खाली धरणावर कामाला होते, ते वाचले. शाळेतली पोरे वाचली.

१०. आमच्याकडे त्या दिवशीही पाऊस शून्य होता. माझ्या वहीत दि. २६ जुलैपुढे 'निरंक' असे माझ्याच हस्ताक्षरात आहे, ते पान मी आता उघडत नाही. संध्याकाळी बातमी आली. परवा ज्यांनी माझ्या हातचे पेढे खाल्ले होते ती माणसे माझ्या ओट्यावर खाली मान घालून बसली. माझी पत्नी सरुबाई हिचे माहेरही मेंढरांचे, लहानपणी तिने कळपामागून सगळे घाट चालून काढले आहेत. ती रडली नाही. फोनवर पोरगी काय म्हणाली, एवढेच तिने विचारले. मी सांगितले. ओढ्याचे पाणी उतरले हे ऐकल्याबरोबर तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "भर पावसात वढा आटला म्हंजी वर डोंगूर पानी धरून बसलाय. आमच्यात ल्हान पोराला बी ठावं हाय. तितंनं मेंढरं हलवत्यात. तिनं मला इचारलं असतं तर मी म्हनले असते, पोरी, नीघ."

खरे तर तेही मला माहीत होते. माझ्या वडिलांच्या तोंडून मी ते शंभरदा ऐकलेले होते. परंतु नोंदवहीत ओढ्याच्या पाण्याला रकाना नाही, आणि ज्याला रकाना नाही ते मी मोजत नाही, अशी माझी बावीस वर्षांची सवय. तेव्हापासून सरुबाई माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलते. ती मला दोष देत नाही. दिला असता तर बरे झाले असते.

११. आता मूळ तक्रार. आपल्या कक्षाच्या चौकशी अहवालात असे लिहिले आहे, की तिन्ही दिवस पाऊस एकसारखा शंभर मिलिमीटर होता, तो इशारा-पातळीच्या आत होता, म्हणून घंटा न वाजवणे नियमास धरून होते. इथवर ठीक. पुढे लिहिले आहे, की एवढ्या पावसाने डोंगर येत नाही, सबब वाडीतील लोकांनी गोठे बांधण्यासाठी उताराची माती काढल्यामुळे दरड आली. महोदय, याला आमच्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. ज्या गोठ्यांचा उल्लेख आहे ते तीन गोठे वाडीच्या खालच्या अंगाला होते. डोंगर वरून आला. अकरा माणसे चिखलाखाली गेली आणि वर त्यांच्याच हातून डोंगर पडला असा ठपका त्यांच्यावर बसला. छबूबाईंनी तर जन्मात कुदळ धरली नसेल, त्यांचा उजवा हात अधू होता.

१२. नोंद चुकीची आहे याला पुरावा मागितला जातो. पुरावा त्या नोंदीतच आहे. तीन दिवस लागोपाठ नेमका शंभर पाऊस, ना अर्धा मिलिमीटर कमी, ना अर्धा जास्त! मी आठ हजार नोंदी केलेल्या आहेत, सलग तीन दिवस एकच आकडा मी फक्त शून्याचा पाहिला आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी म्हण आहे. इथे आड तुडुंब होता, पोहराच लहान होता, आणि तो पोहरा मी दिला होता. लहान बाटलीने एका दिवसात दीडशे कधीच भरत नाहीत आणि तीन दिवसांत तीनशेच्या वर कधीच जात नाही. म्हणजे उंबरकोंडवर सगळा समुद्र ओतला असता तरी ती घंटा नियमाने वाजली नसती.

१३. खाली धरणाच्या चौकीवर दुसऱ्या खात्याचे पर्जन्यमापक आहे, त्यात मोठी बाटली आहे. त्यांचे आकडे आठवड्याने बंद पाकिटात जात असल्याने त्या वेळी जावईबापूंनाही माहीत नव्हते. मी नंतर नक्कल मिळवली. दि. २४ रोजी १८७, दि. २५ रोजी २३१, दि. २६ रोजी २६८. नकोशीच्या बाटलीत हे आकडे दिसले असते तर तिने पहिल्याच दिवशी घंटा वाजवली असती. ही नक्कल मी दुसऱ्या अर्जासोबत जोडली होती. आपले उत्तर आले, की सदर आकडे अन्य खात्याचे असल्याने ग्राह्य धरता येत नाहीत. पाऊस दोन्ही खात्यांवर एकच पडला होता, एवढेच मी नम्रपणे नमूद करतो.

१४. तिसऱ्या अर्जास उत्तर आले, की नोंदीत दुरुस्ती करावयाची झाल्यास मूळ नोंद घेणाऱ्याने लाल शाईने खोडून स्वाक्षरी करणे आवश्यक आहे. मी मृत्यूचा दाखला पाठवला. चौथ्या अर्जास उत्तर आले, की दाखला मिळाला, तथापि स्वाक्षरी जोडलेली दिसत नाही, तरी संबंधितास समक्ष हजर करावे. पाचव्या अर्जाला उत्तर आले नाही, त्याऐवजी दि. ९ मार्च रोजीचे पत्र आले. ते 'श्री. नकोशी कोकरे' यांच्या नावे आहे. दि. २७ जुलै १९९७ पासून आपण एकही नोंद पाठविलेली नाही, याचा खुलासा आठ दिवसांत करावा, अन्यथा आपणास काम करण्यात स्वारस्य नाही असे समजण्यात येईल, असा त्यातील मजकूर आहे. हे पत्र जावईबापूंनी माझ्याकडे आणून दिले. ते आमच्या ओट्यावर बसले होते, मी वाचत होतो आणि आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहू शकत नव्हतो. तिचा खुलासा मी देतो. तिला कामात पुष्कळ स्वारस्य होते. तिच्याइतके स्वच्छ अंक माझेही नाहीत.

१५. गेल्या महिन्यात आपल्या कक्षाचे एक तरुण अधिकारी बारामतीस आले होते, त्यांनी मला भेटीस बोलावले. गृहस्थ भले वाटले. त्यांनी मला चहा पाजला आणि समजावून सांगितले, की बाबा, ही नोंद आहे तशी राहण्यातच तुमचे हित आहे. शंभर हा आकडा कायम आहे तोवर तुमच्या मुलीने काही चूक केलेली नाही आणि तुम्हीही केलेली नाही. आकडा बदलला तर घंटा का वाजली नाही, असा प्रश्न येईल, बाटली कोणी दिली हा प्रश्न येईल, फोनवर काय बोलणे झाले हा प्रश्न येईल. कशाला उकरता? मी त्यांचे आभार मानले. बारामतीच्या स्टँडवर एस. टी.ची वाट पाहताना मी त्यांचे बोलणे पुन्हा जुळवून पाहिले. मी निर्दोष आहे, असे ज्या कागदावर लिहिले आहे तो कागद माझ्याच सल्ल्याने लिहिला गेला आहे. असे निर्दोषपण अंगावर घेऊन मला मरता येणार नाही. माझ्या मुलीने मला विचारले आणि मी चुकीचे सांगितले. ती शहाणी होती, तिच्या हातात दोरी होती, तिच्या मनाने तिला सांगितले होते. मी तिला थांबवले. हे कुठेतरी सरकारी कागदावर असले पाहिजे.

१६. हे केवळ माझ्या जिवाच्या शांतीसाठी असते तर सहा अर्ज केले नसते. वाचलेल्या कुटुंबांसाठी पत्र्याच्या शेड बांधल्या आहेत त्या त्याच डोंगराच्या दुसऱ्या कुशीला, त्याच ओढ्याच्या काठी. माती काढल्याने दरड आली, पावसाने नाही, असा अहवाल असल्यामुळे ती जागा सुरक्षित ठरली आहे. त्या शेडमध्ये जावईबापू आणि माझी सहा वर्षांची सुकन्या राहतात. तिला शेळगावला पाठवा असे आम्ही म्हणालो, पण बापाला सोडून ती येत नाही आणि बापाला नोकरी सोडता येत नाही. नवीन पर्जन्यमापक शेडजवळ बसवले आहे. मी मार्चमध्ये जाऊन ते उघडून पाहिले. वेळेआधी झाकण काढण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. आत लहान बाटली आहे. शिवाय 'शंभर-शंभर पावसाला डोंगर टिकतो' असा निष्कर्ष काढून आजूबाजूच्या चौदा वाड्यांसाठी इशाऱ्याची पातळी दीडशेवरून दोनशे करण्याचा प्रस्ताव आहे, असे त्याच तरुण अधिकाऱ्यांकडून समजले. माझ्या मुलीच्या हातचे तीन आकडे चौदा वाड्यांच्या उशाला ठेवले जात आहेत. ते खोटे आहेत, महोदय. तिने खोटे लिहिले नाही, पण ते खोटे आहेत.

१७. सबब विनंती, की

(अ) दि. २४, २५ व २६ जुलै १९९७ रोजीचे तिन्ही शंभर खोडून तिथे 'बाटली भरून सांडली, खरा पाऊस यापेक्षा पुष्कळ अधिक' असे लिहावे. मूळ नोंद घेणारीची स्वाक्षरी मिळणे शक्य नाही. तिला अंक शिकवणाऱ्याची स्वाक्षरी चालत असल्यास मी कोणत्याही दिवशी लाल शाई घेऊन हजर होईन.

(ब) शेऱ्याच्या रकान्यात 'नोंद घेणारीने घंटा वाजवण्याबाबत विचारणा केली होती, गेणू बिरदेव शिंगाडे, रा. शेळगाव, यांनी तिला मनाई केली' असे स्पष्ट लिहावे. गोठ्यांचा ठपका काढून टाकावा.

(क) मृगाआधी डोंगरातील सर्व वाड्यांना मोठ्या बाटल्या द्याव्यात, आणि नोंदवहीत ओढ्याच्या पाण्यासाठी एक रकाना वाढवावा. पाणी लाल झाले का, पाऊस चालू असताना उतरले का, एवढेच दोन प्रश्न पुरेत. याची माहिती हवी असल्यास माझी पत्नी देईल, तिला लिहिता येत नाही, ती सांगेल आणि मी लिहीन.

(ड) उंबरकोंड येथील नोंदीचे काम रिकामे आहे. ते मला द्यावे. मानधनाची अपेक्षा नाही. शेळगावची वही मी धाकट्या मुलीच्या, प्रगतीच्या, हाती सोपवली आहे.

१८. आपला आदेश येवो अथवा न येवो, मी १ जून रोजी सरुबाईसह उंबरकोंडला जावयाच्या शेडमध्ये राहावयास जात आहे. शाळेतली घंटा मी कापडाने पुसून, दोरी बदलून तयार करून आलो आहे. एक गोष्ट आपणास आधीच कळवून ठेवणे माझे कर्तव्य समजतो. इथून पुढे मी आकड्याची वाट पाहणार नाही. सरुबाईने ओढ्याकडे पाहून मान हलवली की मी घंटा वाजवणार. पावसाळ्यात दहा वेळा वाजवीन आणि दहाही वेळा कदाचित काही होणार नाही. लोक भिजत शाळेत जातील, भिजत परत येतील आणि मला शिव्या देतील. सुकन्याही कंटाळेल. पातळी गाठलेली नसताना घंटा वाजवली, अशी माझ्याविरुद्ध तक्रार आपल्याकडे नक्की येईल. ती तक्रार खरी आहे असे समजावे, चौकशीस माणूस पाठवू नये, परिपत्रकाप्रमाणे मला जी शिक्षा असेल ती करावी. फक्त घंटा काढून नेऊ नये.

कारवाईस तयार असलेला,

(सही)
गेणू बिरदेव शिंगाडे
मु. पो. शेळगाव, ता. इंदापूर

दि. ८ मे १९९८

सोबत :
१) धरणाच्या चौकीवरील पावसाच्या आकड्यांची नक्कल (दुसऱ्यांदा).
२) कै. सौ. नकोशी दादासाहेब कोकरे यांच्या मृत्यूचा दाखला (तिसऱ्यांदा).
३) श्रीमती मुक्ताबाई, शाळेतील मदतनीस, यांचा अंगठा उठवलेला जबाब.